टॅक्स वाढला म्हणून बंड होतं का? १६४० च्या स्पेनकडं नीट बघा

प्रश्न असा आलाय की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपियन राजेशाह्यांमध्ये एवढी बंडं का झाली, आणि कर आणि उपासमार हेच मुख्य कारण धरायचं का. मी हा काळ बरीच वर्षं एमएच्या मुलांना शिकवतोय आणि पेपर तपासताना दरवेळी तीच यादी वाचतो, महागाई, जड कर, दुष्काळ, धर्म, युद्धाचा खर्च. यादी चूक नाही. पण या सगळ्या गोष्टी त्या दीड-दोनशे वर्षांत जवळपास कायमच हजर होत्या, लोक वर्षानुवर्षं उपाशी होते, कर वर्षानुवर्षं वाढत होते, आणि तरीही बहुतेक वर्षी बहुतेक ठिकाणी बंड झालं नाही. म्हणजे खरा प्रश्न असा की एवढं सगळं सोसणारी माणसं एका ठरावीक वर्षी, एका ठरावीक गावात का उठली, आणि शेजारच्या प्रांतातली का नाही उठली.

यासाठी मला स्पेनचा राजा चौथा फिलिप सगळ्यात उपयोगाचा वाटतो. १६४० ते १६४८ या आठ वर्षांत या एकाच राजाविरुद्ध कॅटालोनिया, पोर्तुगाल, सिसिली आणि नेपल्स अशा चार ठिकाणी मोठे उठाव झाले. आणि सगळ्यात जास्त कर भरणारा त्याचा जो प्रांत, कॅस्टिल, तिथं मात्र या तोडीचं काहीच झालं नाही. राजा तोच, युद्ध तेच, खजिन्याची रड तीच. तुलना करायला याहून चांगली संधी इतिहासात क्वचित मिळते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण आज ज्याला स्पेन म्हणतो तसं एकसंध राज्य तेव्हा नव्हतंच. एकाच माणसाच्या डोक्यावर बरेच मुकुट होते. कॅस्टिलचा राजा, अरागॉनचा राजा, व्हॅलेन्सियाचा राजा, बार्सेलोनाचा काउंट (कॅटालोनियात त्याची पदवी हीच होती), १५८० पासून पोर्तुगालचाही राजा, शिवाय नेपल्स, सिसिली, मिलान, फ्लँडर्स आणि अमेरिकेतला सगळा मुलूख. प्रत्येक ठिकाणचे कायदे वेगळे, प्रतिनिधींच्या सभा वेगळ्या, नाणी वेगळी. आणि राजा गादीवर आला की त्या-त्या प्रांताचे कायदे पाळीन अशी शपथ घ्यायचा, तेव्हाच तिथली माणसं त्याला आपला राजा मानायची. पोर्तुगालशी तर १५८१ मध्ये तोमार इथल्या सभेत रीतसर अटी ठरल्या होत्या की पोर्तुगालमधल्या आणि त्याच्या समुद्रापारच्या मुलखातल्या जागा पोर्तुगीजांनाच मिळतील. या शपथा लोक मनापासून खऱ्या मानत होते, वकील त्यांची कलमं पाठ म्हणून दाखवायचे.

आता राजा माद्रिदमध्ये बसलेला, मग बार्सेलोनात किंवा नेपल्समध्ये त्याचा हुकूम चालायचा कसा? पोलीस नाहीत, शांततेच्या काळात कायमची मोठी फौज नाही. एक व्हाइसरॉय, थोडे न्यायाधीश, दोन-चार किल्ल्यांत शिबंदी, संपलं. बाकी सगळा कारभार स्थानिक बड्या लोकांच्या हातात, म्हणजे सरदार, शहराच्या नगरसभेतले लोक, चर्चमधले वरचे पाद्री, वकील. कर तेच गोळा करणार, दंगा झाला तर शहराची पहारेकरी तुकडी तेच बाहेर काढणार. बदल्यात त्यांना मानमरातब, पदं, पेन्शनी, पोरांना नोकऱ्या. माझं सगळं उत्तर या मधल्या माणसावर उभं आहे. गरीब माणूस चिडतो, पण नुसत्या चिडण्यातून फार तर दंगल होते. ज्या दिवशी हा मधला माणूस राजाच्या पाठीमागून हात काढून घेतो, किंवा निदान बघत उभा राहतो, त्या दिवशी दंगलीचं बंड होतं.

ओलिवारेस हा फिलिपचा मुख्य मंत्री, १६२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १६४३ पर्यंत सगळी सूत्रं त्याच्याकडं. त्याला व्हिलन करून टाकणं सोपं आहे, पुष्कळ पुस्तकं तेच करतात, पण मला ते पटत नाही. त्याचा प्रॉब्लेम खरा होता. डच, फ्रेंच, जर्मनीतलं युद्ध, सगळ्या आघाड्यांवर खर्च आणि तो बहुतेक एकट्या कॅस्टिलच्या बोकांडी, कॅस्टिल पिळून निघालेलं. म्हणून त्यानं योजना काढली की सगळ्या प्रांतांनी मिळून १,४०,००० सैनिकांची राखीव फौज उभी करायची आणि कुणावरही हल्ला झाला तर सगळ्यांनी धावून जायचं. वाटे असे ठरले, कॅस्टिल आणि अमेरिका मिळून ४४,०००, कॅटालोनिया, पोर्तुगाल आणि नेपल्स प्रत्येकी १६,०००, अरागॉन १०,०००, बाकीच्यांचे कमी. कागदावर अगदी न्याय्य. पण कॅटालोनियाची लोकसंख्या तेव्हा साधारण चार लाख, आणि माद्रिदमध्ये समज असा की तिथं दहा लाख माणसं राहतात! चार लाखांत म्हातारे, बायका, पोरं धरून हिशेब करा आणि मग १६,००० चा आकडा पुन्हा वाचा.

१६२६ मध्ये राजा स्वतः बार्सेलोनाला आला, सभा भरली, पण सभेचं म्हणणं आधी आमच्या तक्रारी ऐका, राजाचे अधिकारी आमचे कायदे मोडतात त्याचं काय ते सांगा, पैशाचं मग बघू. राजा वैतागून निघून गेला. १६३२ मध्ये पुन्हा तेच झालं. आणि हा मुद्दा पुष्कळदा सुटतो की राजा तिथं राहतच नसल्यामुळं स्थानिक सरदारांच्या हाताला काही लागत नव्हतं. दरबार माद्रिदला, पदं कॅस्टिलियन लोकांना, यांच्या वाट्याला नुसतं द्या द्या. मधल्या माणसाची निष्ठा अशी हळूहळू पातळ होत जाते, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही.

१६३५ मध्ये फ्रान्सशी उघड युद्ध सुरू झालं आणि कॅटालोनिया फ्रान्सच्या सीमेवर. १६३९ मध्ये फ्रेंचांनी सीमेवरचा साल्सेस किल्ला घेतला, तो परत मिळवायला कॅटलन लोकही लढले, पुष्कळ मेले, जानेवारी १६४० मध्ये किल्ला परत आला. आणि मग ओलिवारेसनं ठरवलं की जवळजवळ ९,००० ची फौज हिवाळा कॅटालोनियातच काढेल, लोकांच्या घरात राहून. इथं कायदा काय म्हणतो ते बघायला हवं. कॅटलन कायद्याप्रमाणे घरात उतरलेल्या सैनिकाला घरमालकानं झोपायला जागा, विस्तव, पाणी, मीठ, व्हिनेगर अशा मोजक्या गोष्टी द्यायच्या, जेवण सैनिकानं आपल्या पगारातून विकत घ्यायचं. आता पगारच वेळेवर येत नाही म्हटल्यावर सैनिक काय करणार? तो घरातलं धान्य खाणार, कोंबडी मारणार, बाईमाणसाला त्रास देणार. माद्रिदहून हुकूम आला की फौजेचा खर्च प्रांतानंच उचलायचा. त्यातून त्या वसंतात पाऊस नाही, शहरात पावसासाठी प्रार्थना चाललेल्या.

एखाद्या शेतकऱ्याच्या बाजूनं विचार केला तर यात कर नावाची गोष्ट कुठं आहे? त्याच्या दारात रोज एक हत्यारबंद माणूस उभा आहे जो म्हणतो मला खायला घाल, आणि शेतकऱ्याला पक्कं माहीत आहे की कायद्यानं मी हे देणं लागत नाही. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं सोसणं आणि बेकायदेशीर गोष्ट सोसणं यात फरक आहे. दुसऱ्यात माणसाला वाटतं की कायदा मोडतोय तो समोरचा, मी नाही.

आणि कायदा त्याच्या बाजूनं आहे असं सांगणारी संस्थाही होती. कॅटालोनियाची कायम समिती, दिपुतासिओ, कायदे पाळले जातात की नाही हे बघायचं काम तिचं. तिचे प्रतिनिधी दर तीन वर्षांनी पिशवीतून चिठ्ठी काढून निवडत. १६३८ च्या चिठ्ठीत पाउ क्लारिस नावाचा पाद्री आणि फ्रान्सेस्क दे तामारित नावाचा सरदार निघाले, दोघंही वाकणारे नव्हते. सैनिकांना घरात ठेवण्याविरुद्ध ते बोलत राहिले म्हणून मार्च १६४० मध्ये तामारितला अटक झाली, क्लारिस पाद्री असल्यामुळं त्याच्याविरुद्ध चर्चमार्फत चौकशी लावली. म्हणजे सरकारनं आपल्या हातानं मधल्या माणसाला सांगितलं की तू आमचा नाहीस.

एप्रिलच्या शेवटी सांता कोलोमा दे फार्नेर्स या गावात मोनरोदोन नावाचा राजाचा अधिकारी फौजेसाठी जागा करायला गेला. भांडण झालं, तो एका घरात शिरला, लोकांनी घराला आग लावली, तो आत जळून मेला. फौजेनं बदला म्हणून आधी जवळच्या रिउदारेनेस गावातलं चर्च जाळलं, ज्यात लोकांनी आपलं सामानसुमान नेऊन ठेवलं होतं, आणि मे महिन्याच्या मध्यात सांता कोलोमा दे फार्नेर्स उद्ध्वस्त केलं. जिरोनाच्या बिशपनं त्या तुकडीला धर्माबाहेर काढलं. आता शेतकऱ्याकडं कायदा होताच, वर देवही आला. २२ मे ला गावकरी बार्सेलोनात घुसून तामारितला तुरुंगातून सोडवून घेऊन गेले आणि त्यांना कुणी अडवलं नाही. मला विचाराल तर बंड या दिवशी झालं, ७ जूनला त्याचा स्फोट दिसला इतकंच.

७ जून म्हणजे कॉर्पस क्रिस्तीचा सण. दरवर्षी या सुमाराला कापणीचे मजूर कामाच्या शोधात शहरात यायचे, त्या वर्षीही चार-पाचशे आले, कमरेला विळे. व्हाइसरॉय (त्याच्या पदवीचं नावही सांता कोलोमा, काउंट, आणि तो स्वतः कॅटलन) याला काळजी होती, पण वेशी बंद करणं काही झालं नाही. एका मजुराची मोनरोदोनच्या नोकराशी बाचाबाची झाली, मजूर जखमी झाला आणि जमाव व्हाइसरॉयच्या वाड्यावर गेला, दाराशी लाकडं रचायला लागला. पाद्री आडवे आले म्हणून आग लागली नाही. पण शहराची नागरिकांची तुकडी, म्हणजे कारागिरांच्या संघटनांमधली हत्यारबंद माणसं, जी अशा वेळी रस्ता मोकळा करते, ती जमावावर चालून गेली नाही. त्यांचे नातेवाईक त्याच गावांमध्ये होते. व्हाइसरॉय बंदराच्या गोदीकडं गेला, बाहेर समुद्रात गॅली (वल्ह्यांचं जहाज) उभी होती, तिच्यापर्यंत पोचता येईना, मग तो मोंजुइक डोंगराखालच्या किनाऱ्यानं खडकांवरून पळत सुटला. जाड माणूस, उन्हाळ्याचं ऊन, तो पडला आणि तिथंच त्याला भोसकून मारलं. घोषणा होत्या राजाचा जयजयकार आणि वाईट कारभार मरो. या घोषणेला वरवरचं मुळीच समजू नका. त्यांना खरंच वाटत होतं की राजाला हे सगळं माहीत नाही, मंत्री त्याला फसवतायत, आणि आपण राजाचाच कायदा राखतोय.

पुढं काय झालं ते थोडक्यात. गावोगावी मजूर आणि शेतकरी फक्त राजाच्या अधिकाऱ्यांवर थांबले नाहीत, स्थानिक श्रीमंतांच्या घरांवरही गेले. क्लारिस आणि बाकीची मंडळी दोन्हीकडून अडकली, माद्रिदची फौज येणार आणि खालून आपलीच माणसं उठलेली. म्हणून ते फ्रान्सकडं गेले, जानेवारी १६४१ मध्ये आधी फ्रान्सच्या संरक्षणाखाली प्रजासत्ताक आणि आठवडाभरात थेट फ्रान्सचा राजा तेरावा लुई हाच आमचा काउंट असं जाहीर. २६ जानेवारीला मोंजुइकवर माद्रिदची फौज हरली. लक्षात घ्या, जून १६४० मध्ये राजा सोडायचा असं कुणाच्या मनात नव्हतं.

आता पोर्तुगाल, कारण माझ्या म्हणण्याची सगळ्यात कडक परीक्षा इथं होते. ऑगस्ट १६३७ मध्ये एवोरा शहरात नव्या करांविरुद्ध मोठा उठाव झाला, तो आलेंतेजो आणि अल्गार्व्हेमध्ये पसरला. पत्रकं निघायची ती मानुएलिन्यो नावाच्या गावातल्या वेड्याच्या सहीनं, म्हणजे खरे लेखक पुढं यायला तयार नव्हते. व्हिला व्हिसोझामध्ये लोकांनी ब्रागांझाच्या ड्यूकच्या, म्हणजे पोर्तुगालमधल्या सगळ्यात मोठ्या सरदाराच्या नावानं जयजयकार केला, त्यानं पाठ फिरवली. बडे सरदार घरी बसले, कॅस्टिलची फौज आली आणि १६३८ च्या सुरुवातीला सगळं संपलं.

तीन वर्षांनी, १ डिसेंबर १६४०, लिस्बन. साधारण चाळीस सरदार सकाळी राजवाड्यात घुसले, माद्रिदच्या वतीनं कारभार बघणाऱ्या मिगेल दे व्हास्कोन्सेलोस नावाच्या सचिवाला कपाटातून बाहेर काढून मारलं, खिडकीतून खाली फेकलं, आणि तोच ब्रागांझाचा ड्यूक चौथा जॉन म्हणून राजा झाला. दुपारपर्यंत काम फत्ते. या तीन वर्षांत लोकांची भूक काही दुप्पट झाली नव्हती. बदललं ते एवढंच की ओलिवारेसनं पोर्तुगीज सरदारांना हुकूम सोडला की फौज घेऊन कॅटालोनियाचं बंड मोडायला चला, ब्रागांझालाही बोलावणं गेलं. तोपर्यंत तोमारच्या अटी वाकवल्या जात होत्याच, आता त्यांना स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या जिवावर दुसऱ्याचं युद्ध लढायचं होतं. शिवाय कॅस्टिलची फौज तिकडं अडकलेली, लिस्बनला कोण येणार? एका प्रांतातलं बंड दुसऱ्या प्रांतातल्या बंडाला अशी जागा करून देतं.

गोव्याचा धागा इथं येतो. पोर्तुगीज लोकांची मोठी तक्रार ही होती की स्पेनच्या राजामुळं स्पेनचे शत्रू आमच्या अंगावर आले. १६२२ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ हातातून गेलं, १६३० पासून डच ब्राझीलच्या पेर्नांबुकोत बसलेले, १६३६ नंतर वर्षामागून वर्षं डच जहाजं मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करून उभी, जानेवारी १६४१ मध्ये मलाक्काही गेलं. लिस्बनची बातमी १६४१ मध्ये गोव्यात पोचली तेव्हा व्हाइसरॉय काउंट ऑफ आव्हेरास यानं नव्या राजाच्या नावानं द्वाही फिरवली आणि गोवा शांतपणे त्या बाजूला गेलं. कारण साधं आहे, गोव्यातले सगळे मोठे अधिकारी पोर्तुगीजच होते, तोमारच्या अटीनंच ते तिथं होते. उलट सेउता, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीज ठाणं, ते स्पेनकडंच राहिलं, कारण त्याची रसद समोरच्या स्पॅनिश किनाऱ्यावरून यायची. भाषा, वंश, राष्ट्र वगैरे नंतर लावलेल्या चष्म्यातून हे दोन निर्णय कळत नाहीत.

नेपल्समध्ये ७ जुलै १६४७ ला ठिणगी पडली ती अंजिरांवरून. व्हाइसरॉय ड्यूक ऑफ आर्कोस यानं त्या वर्षी फळांवर कर लावला होता, आणि उन्हाळ्यात गरिबाचं पोट फळांवर. पोत्सुओलीहून फळं घेऊन आलेले शेतकरी आणि शहरातले दुकानदार यांच्यात कर कुणी भरायचा यावरून मेर्कातो चौकात जुंपली, अंजिरं फेकली गेली, मासानिएल्लो नावाचा २७ वर्षांचा मासेविक्या पुढारी झाला आणि १६ जुलैला मेलासुद्धा. पण त्याच्यामागं जेनोइनो नावाचा ऐंशीच्या घरातला वकील होता, त्याची मागणी अंजिरांची नव्हती, आधीच्या शतकातला राजा पाचव्या चार्ल्सनं दिलेल्या सवलतींप्रमाणे शहराच्या कारभारात सामान्य वर्गाला सरदारांएवढी मतं द्या ही होती. नेपल्सचं बंड फसलं ते याच कारणानं, खेड्यांमध्ये शेतकरी जमीनदार सरदारांवर उठले, सरदार घाबरून स्पेनच्या मागं उभे राहिले आणि एप्रिल १६४८ मध्ये शहर परत राजाकडं गेलं. नेपल्सच्या आधी, मे १६४७ मध्ये, सिसिलीतल्या पालेर्मोत पावाचं वजन कमी केलं म्हणून दंगा झाला तेव्हा तिथला व्हाइसरॉय होता लोस वेलेस, तोच जो सहा वर्षांपूर्वी मोंजुइकवर हरला होता.

आता कॅस्टिल. वाइन, मांस, तेल, व्हिनेगर या सगळ्यावर कर, तांब्याच्या नाण्यांची किंमत सरकार वरखाली करतंय, १६२७ आणि १६४७ मध्ये खजिना दिवाळखोर. टॅक्स हेच कारण असतं तर पहिलं बंड इथं व्हायला हवं होतं. पण कर गोळा करायचं काम शहराच्या नगरसभेतल्या लोकांकडं होतं आणि त्यात त्यांचा वाटा निघायचा, श्रीमंतांचे पैसे सरकारी कर्जरोख्यांत गुंतलेले आणि त्याचं व्याज याच करांतून यायचं. राजा बुडाला तर ते बुडाले. १६४८ मध्ये ग्रनाडात, १६५२ मध्ये कोर्दोबा आणि सेव्हियात पावासाठी लोक रस्त्यावर आले, खरोखर भुकेनं आले, आणि काही दिवस-आठवड्यांत ते संपलं, कारण वरचं कुणीच त्यांच्याबरोबर गेलं नाही. १६४१ मध्ये आंदालुसियात मेदिना सिदोनियाच्या ड्यूकचा, म्हणजे नव्या पोर्तुगीज राजाच्या मेहुण्याचा कट उघडकीला आला, तोही फुकट गेला. एकटा सरदार, खाली लोक नाहीत. म्हणजे दोन्ही बाजू लागतात.

धर्माचं विचाराल तर या चार उठावांत दोन्हीकडं कॅथलिकच होते. स्कॉटलंडमध्ये १६३७ ला तिथला आणि इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सनं नवीन प्रार्थनापुस्तक लादलं तिथं धर्म मध्यभागी आहे हे खरं, पण तिथंही आपला धर्म राखण्याच्या १६३८ च्या करारावर सरदारांनी सह्या केल्या म्हणूनच ते प्रकरण युद्धापर्यंत गेलं.

बार्सेलोना ऑक्टोबर १६५२ मध्ये वेढ्यानं, प्लेगनं आणि उपासमारीनं शरण आलं. फ्रेंच राजवटीचा लोकांना तोपर्यंत वीट आला होता, तेही सैनिक घरात घालत होतेच. फिलिपनं माफी दिली, जुने कायदे कायम ठेवले, ज्यांच्यासाठी बारा वर्षं माणसं मेली ते जवळजवळ सगळे. फक्त एक गोष्ट त्यानं स्वतःकडं घेतली. दिपुतासिओ आणि नगरसभेसाठी ज्या पिशवीतून चिठ्ठ्या निघायच्या, त्या पिशवीत कुणाची नावं टाकायची आणि कुणाची नाही हे इथून पुढं राजा ठरवणार होता.